दुसरी किल्ली

बँकेच्या तिजोरीघराविषयी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. तिजोरीच्या किल्ल्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात, एवढे व्यापारी मंडळी जाणतात; कारण मोठी रक्कम काढायला गेल्यावर दोघांपैकी एकजण जागेवर नसला की काउंटरपाशी ताटकळत बसावे लागते. पण या किल्ल्यांचा दुसरा जोड त्या शाखेत ठेवलेला नसतो. तो मोहोरबंद करून दुसऱ्या शाखेत किंवा दुसऱ्या बँकेत ठेवायला दिलेला असतो, आणि ठरावीक काळाने दोन्ही जोडांची अदलाबदल करून पडून राहिलेला जोड वापरात आणला जातो. हा नियम ज्याने घातला त्याने तो बऱ्याच अनुभवानंतर घातला असावा. एकाच कपाटातल्या दोन किल्ल्या एकाच आगीत सापडतात, आणि वर्षानुवर्षे न फिरवलेली किल्ली ऐन वेळी कुलपात अडते.

तासगावातील बेदाण्याची पेढी चालवणाऱ्या एका कुटुंबाला हाच नियम विजेच्या मोटारीच्या निमित्ताने नव्याने शिकावा लागला.

घरात आण्णा आणि आक्का, दोघेही पंचाहत्तरीच्या आसपासचे. थोरला मुलगा पेढीवर, धाकटा शीतगृहाचे काम पाहणारा. दोन सुना आणि शाळेत जाणारी नातवंडे. आक्कांची मूत्रपिंडे थकल्यापासून आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, त्यांना डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागते. एका खेपेला चार तास यंत्राशी बांधून घ्यायचे, आणि जाण्यायेण्याचे साठ-पासष्ट किलोमीटर वेगळे. जुन्या डिझेल गाडीच्या हादऱ्यांनी परतताना आक्कांना मळमळत असे. विजेच्या मोटारीचा विचार पहिल्यांदा थोरल्या सुनेने बोलून दाखवला, तो या मळमळीपायी. पैशाचा हिशेब मागाहून आला.

हिशेब मात्र थोरल्याने पेढीच्या शिस्तीने मांडला. आठवड्याला १९५ किलोमीटर. डिझेलची गाडी लिटरला १५ किलोमीटर धावे, म्हणजे १३ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर ११७० रुपये. विजेची मोटार एका युनिटात सात किलोमीटर जाते असे धरून, आणि भरताना वाया जाणारी वीज मिळवून, ३२ युनिटे. युनिटला १० रुपये धरले तरी ३२० रुपये. विजेच्या मोटारींवरील जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला होता. शिवाय ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकराच्या कलम ८०-ईईबीखाली दीड लाख रुपयांपर्यंत वजावट मिळण्याची सोय होती. ही वजावट व्यक्तीला मिळते, पेढीला मिळत नाही. हे ध्यानात न घेता पुष्कळांनी मोटारी पेढीच्या नावावर घेतल्या आणि मग करसल्लागाराशी वाद घातले. थोरल्याने ती चूक केली नाही. २०२२ च्या दिवाळीत मोटार दारात आली.

आण्णांनी सारे आकडे ऐकून एकच प्रश्न विचारला होता, "बिघडली तर?" त्यावर दुरुस्तीचे केंद्र सांगलीत आहे, असे उत्तर मिळाले आणि प्रश्न तेथेच मिटला. मोटार धडधाकट राहील आणि तिला चारा घालणारी वस्तूच बिघडेल, हे कोणाच्या मनात आले नाही.

मोटारीबरोबर दोन वस्तू आल्या होत्या. एक, सोप्याच्या भिंतीवर बसवलेली पेटी. दुसरी, पंधरा अँपिअरच्या साध्या पॉवर प्लगमध्ये लावायची जाड वायर, जिच्या मध्यावर विटेएवढा एक ठोकळा असतो. दोघींनाही बोलण्यात चार्जर म्हणतात, पण खरा चार्जर मोटारीच्या पोटात असतो. घरच्या विजेला बॅटरीत साठवण्याजोगे रूप तोच देतो. बाहेरची पेटी आणि वायर या राखणदार आहेत. मोटार नीट जोडली आहे का, अर्थिंग शाबूत आहे का, हे तपासायचे, किती वीज ओढायला परवानगी आहे ते मोटारीला कळवायचे आणि मग प्रवाह सोडायचा, एवढेच त्यांचे काम. फरक पडतो तो वेगात. भिंतीवरची पेटी ३२ अँपिअर देते, म्हणजे २३० व्होल्टला सात किलोवॅटच्या थोडे वर. वायर तीन किलोवॅटच्या आसपास. एक चार-पाच तासांत बॅटरी भरते, दुसरीला सबंध रात्र लागते.

घरात वेगवान पेटी असल्यावर त्या रेंगाळणाऱ्या वायरीकडे कोण पाहतो? दीड वर्ष ती खोक्यातून निघालीच नाही. मग आण्णांच्या कोल्हापूरच्या भाच्याने तशीच मोटार घेतली, त्याच्या घरी पेटी बसायला वेळ होता, म्हणून वायर त्याला वापरायला दिली गेली. त्याची पेटी बसली. वायर तिकडेच राहिली. मागून घ्यायचे कोणाला सुचले नाही, आणि आपलेपणाच्या व्यवहारात असे होते.

२०२४ च्या मे महिन्यात, एका रविवारी संध्याकाळी, वळवाचा पाऊस आला. दिवसभर लग्नसराईची धावपळ झाली होती आणि मोटार १२ टक्क्यांवर येऊन थांबली होती. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपून मंडळी ओसरीवर बसली असताना जवळच कोठेतरी वीज कोसळली. घरातले दिवे क्षणभर लखलखले आणि गेले. अर्ध्या तासाने वीज आली. पंखे फिरले, फ्रीज गुरगुरला, भिंतीवरची पेटी मात्र काळी ठिक्कर. तिच्याजवळ गेल्यावर करपल्याचा वास येत होता.

बारा टक्क्यांत मोटार पंचवीस किलोमीटर गेली असती. मिरज तीसच्या पुढे. वाटेत सांगलीला जलद भरण्याची सोय आहे, पण ऐन पावसात, जेमतेम उरलेल्या विजेवर, रुग्णाला घेऊन तो जुगार खेळायला थोरला तयार झाला नाही. त्याने रात्री साडेदहाला कोल्हापूरला फोन लावला, तेव्हा भाचा सहकुटुंब गावाला गेलेला आणि घराला कुलूप.

पहाटे शेजारच्या आळीतून भाड्याची जीप मिळाली, पण ती येईपर्यंत उशीर झाला. डायलिसिसच्या पाळ्या ठरलेल्या असतात. आक्का पंचवीस मिनिटे उशिरा यंत्रावर गेल्या आणि पुढच्या पाळीचा रुग्ण बाहेर बसलेला असल्याने तेवढी मिनिटे शेवटाकडून कापली गेली. दोन-दोन दिवस पाण्याचा घोट मोजून घेणाऱ्या बाईला ती पंचवीस मिनिटे किती महागात पडतात, हे ज्याच्या घरी असा रुग्ण आहे त्यालाच कळेल. मंगळवारी आक्कांचे पाय सुजले. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत.

आण्णांनीही कोणाला बोल लावला नाही. जळालेली पेटी बदलून मिळायला तीन आठवडे लागतील, असे कळल्यावर त्यांनी धाकट्याला थेट कोल्हापूरला धाडले आणि वायर घरी आणली. मंगळवारी रात्री ती मागील दारी, कपडे धुण्याच्या यंत्रासाठी असलेल्या प्लगमध्ये लावली. ठोकळ्यावर लाल दिवा लागला. काढून पुन्हा लावली, पुन्हा लाल. नव्या कोऱ्या वस्तूत दोष असावा, असे धाकट्याचे मत पडले. आण्णांनी वायरमनला बोलावले. तीस वर्षे याच घराची आणि पेढीची कामे करणारा हा माणूस विजेच्या मोटारीच्या वाटेला कधी गेला नव्हता. पण त्याने खोक्यावरची चित्रे पाहिली, आणि वायरीला हात न लावता सरळ अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेला.

"आण्णा, ह्यात पाणी कधी घातलं होतं?"

कोणालाच आठवेना. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात तो ओल धरून ठेवण्यासाठी. चैत्र-वैशाखात जमीन तापून ती ओल गेली की अर्थिंग नावापुरते उरते. पंखे, दिवे, टीव्ही याबद्दल कुरकुर करत नाहीत, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. ही वायर तपासणी करूनच प्रवाह सोडते, म्हणून ती अडून बसली. तिने दोष केला नव्हता, दोष दाखवला होता. वायरमनने खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतले आणि नळीवरची गंजलेली पकड घासून आवळली. तासाभराने दिवा हिरवा झाला. एका रविवारच्या वळवाच्या सरीने वर्षभराची तहान भागत नाही, एवढेच त्यावर तो म्हणाला.

दिवा हिरवा झाला तरी तो घरी गेला नाही. अर्ध्या तासाने त्याने प्लगला हात लावून पाहिला आणि आण्णांचा हातही तेथे नेला. प्लग चांगलाच तापला होता. "गिझर पंधरा मिनिटं चालतो आणि बंद होतो. ही गाडी रातभर ओढणार. प्लग तोच, पण काम तेच नाही." मागील दारापासून मोटारीपर्यंत पोहोचण्यासाठी धाकट्याने एक्स्टेन्शनची गुंडाळी मध्ये घातली होती, तिला पाहून तर वायरमनने कपाळाला हात लावला. गुंडाळलेल्या बारीक वायरीतून तास न् तास पंधरा अँपिअर नेणे म्हणजे घरात शेगडी पेटवून झोपणे. ती त्याने स्वतःच काढून टाकली. त्या रात्री मोटार मागील दारापर्यंत ढकलत नेऊन, वायरीवरची मर्यादा दहा अँपिअरवर आणून भरली. सव्वादोन किलोवॅटचा तो बारीक प्रवाह, पण सकाळी मिरजेपुरती वीज सहज जमली होती. बुधवारी आक्का वेळेवर यंत्रावर गेल्या.

गुरुवारी आण्णांनी ओसरीवर कागद घेऊन बैठक मांडली. जुन्या व्यापाऱ्याची ही खोड चांगली असते. नुकसान सोसून झाल्यावर ते कोठून आले ते लिहून काढायचे. वायरमनने तीन गोष्टी सांगितल्या. सोप्यात मोटारीसाठी मुख्य फलकापासून स्वतंत्र लाइन ओढायची, चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची, तिला स्वतःचा एमसीबी आणि तीस मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी. शेवटी चांगल्या प्रतीचा औद्योगिक प्लग. आणि मुख्य फलकावर सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे दूर पडलेल्या विजेचा लोट आत येण्याआधी जमिनीत जाईल. डोक्यावर पडलेल्या विजेला तो अडवू शकत नाही. म्हणून ढग गडगडू लागले की मोटार जोडलेली ठेवायची नाही, ही चौथी गोष्ट थोरल्या सुनेने स्वतःहून घातली. तीन गोष्टींपैकी एक महत्त्वाची होती आणि ती तारेच्या जाडीत नव्हती. घरात तीन फेज आहेत. पेटी ज्या फेजवर होती, त्याच्यावर नवी लाइन न घेता ती दुसऱ्या फेजवर घ्यायची. गावात सबंध वीज जाण्यापेक्षा एक फेज जाण्याचे प्रसंग अधिक. दोन्ही सोयी एकाच फेजवर ठेवणे म्हणजे दोन्ही किल्ल्या एकाच कपाटात ठेवणे.

आण्णा त्याच्याही पुढे गेले. घराची डीपीच जळाली तर दोन्ही फेज सारखेच निरुपयोगी. पेढीचे गोदाम बाजार आवारात, त्याला वेगळा मीटर आणि वेगळी डीपी. तेथेही एक लाइन घालावी, आणि त्या जागेसाठी आणखी एक वायर विकत घ्यावी, असा त्यांचा बेत. गोदामाचा दर व्यापारी, म्हणजे घरापेक्षा महाग. पण अडीअडचणीच्या रात्रीला कोणी दर पाहत नाही.

तेव्हा आतापर्यंत गप्प असलेल्या आक्का बोलल्या. "माझ्या एका जिवासाठी किती वस्तू गोळा करणार तुम्ही? एक पेटी आहे, एक वायर आहे. एका गाडीला तिसरी कशाला?"

बोलणे साधे होते, पण ओसरीवर एकदम शांतता पसरली. आजारी माणसाला आपल्यावरचा खर्च पायात रुतल्यासारखा वाटतो. आक्का गेली दोन वर्षे प्रत्येक पावती उलटी करून ठेवत. शिवाय परिग्रहाचे परिमाण ठरवून घेतलेली ती बाई. आपल्या साड्यांची आणि भांड्यांची संख्या जिने मोजून ठेवली आहे, तिच्यापायी घरात वस्तूंची भर पडावी हे तिला कसे रुचावे? आण्णांनी पहिल्यांदा तिची समजूत काढायचा प्रयत्न केला, मग मध्येच थांबले. तिचे म्हणणे हिशेबानेही बरोबर होते. मोटार जेथे जाईल तेथे तिच्या मागच्या कप्प्यातून वायर जातेच. मोटार गोदामात असताना वायर घरी असण्याचा उपयोग काय, आणि घरी असताना गोदामात असण्याचा काय? जागा दोन हव्या होत्या, वस्तू एकच पुरेशी होती. कागदावरची तिसरी ओळ आण्णांनी खोडली. गोदामात लाइन झाली, वायर झाली नाही. आक्कांनी त्यावर एवढेच विचारले की भाच्याने पुन्हा मागितली तर काय सांगणार. थोरल्याने त्याच्या वाढदिवसाला त्याची स्वतःची वायर पाठवून तो प्रश्न सोडवला.

या साऱ्यात पहारा ठेवण्याचे काम मोठ्या नातीकडे आले. रोजमेळाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार नोंदी करते. वायर सोप्यातल्या प्लगवर लावून दिवा हिरवा लागला का. अर्ध्या तासाने प्लग हाताला किती ऊन लागला. ईएलसीबीचे तपासणीचे बटण दाबल्यावर तो पडला का. आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातले का. पुढच्या मार्चच्या नोंदीत दिवा एकदा लाल लागल्याची टीप आहे, आणि तिच्यापुढे "दोन बादल्या". काम पाच मिनिटांचे आहे, पण ते कोणाच्या तरी नावावर असावे लागते. घरातल्या सर्वांचे म्हणून सोडलेले काम कोणाचेच होत नाही, हे भागीदारीत धंदा केलेल्यांना सांगायला नको.

गोदामातल्या लाइनीचा उपयोग आजवर दोनदा झाला. पहिल्यांदा त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, घराची डीपी संध्याकाळी गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आली तेव्हा. धाकट्याने मोटार गोदामात लावली, बेदाण्याच्या पेट्यांच्या शेजारी रात्रभर वायर जोडून ठेवली आणि पावसात छत्री घेऊन चालत घरी आला. पहाटे तोच मोटार घेऊन दारात हजर. घरात त्याची विशेष चर्चाही झाली नाही. दुसऱ्या खेपेला जनरेटरवर भरून पाहावे, अशी कल्पना निघाली होती, पण भाड्याच्या छोट्या जनरेटरला नीट अर्थिंग नसल्याने वायरीने पुन्हा लाल दिवा दाखवला आणि मंडळी मुकाट्याने गोदामात गेली.

मौज निराळ्याच बाजूने झाली. बदललेली पेटी एकोणिसाव्या दिवशी आली. तोवर घर वायरीवर चालायला शिकले होते. मिरजेच्या खेपेला बॅटरीतून नऊ-साडेनऊ युनिटे खर्च होतात. वायरीला ती परत भरायला साडेतीन तास लागतात, आणि मोटार रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत उभीच असते. वेगाचे म्हणून ज्या पेटीचे कौतुक केले होते, तिची नित्याच्या कामाला गरजच नव्हती. लग्नसराईत किंवा पुण्याला जायचे असले तरच तिचे काम. थोरली सून आता सरळ म्हणते, "भिंतीवरची ती जादाची." आण्णांना हे मान्य नाही, एवढे पैसे देऊन भिंतीला ठोकलेली वस्तू जादाची कशी होईल, असा त्यांचा सवाल. शेवटी नातीने तोडगा काढला. सम महिन्यात पेटी, विषम महिन्यात वायर. वहीच्या आतल्या मुखपृष्ठावर तिने तसे दोन रकाने आखले आहेत, आणि कोणत्या रकान्याला "मुख्य" म्हणायचे यावर आजोबा-नातीचे अजून एकमत झालेले नाही.